शंभर एकर गवत आणि सोबत एक कॉटेज

कॅनबेरातल्या आपल्या मराठी ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आसपासच्या विकाऊ जमिनीची लिंक टाकतंच. क्रुकवेल नाहीतर ब्रेडवूड नाहीतर बूरोवा, शंभर एकर, डोंगरउतार, दोन डॅम (म्हणजे आपली शेततळी), जुनी लाकडी कॉटेज, व्हरांड्यातून सूर्यास्त. खाली चार-पाच जणांचं "चला मिळून घेऊया", मग दोन दिवसांत सगळं थंड. यावेळी थंड झालं नाही कारण माझ्या नवऱ्याने खरंच एजंटला फोन लावला आणि नेमके तेव्हा माझे आई-आण्णा इथे आलेले होते. आण्णा जत तालुक्यातले, सगळं आयुष्य कोरडवाहू रानात आणि मेंढरात गेलेलं. त्यांना पार्लमेंट हाऊस दाखवलं, वॉर मेमोरियल दाखवलं, "छान हाय" म्हणाले आणि गप्प. शंभर एकर रान बघायला जायचंय म्हटल्यावर मात्र सकाळी सातला बूट घालून, टोपी घालून, दारात.

जागा गोलबर्न आणि क्रुकवेलच्या मधे कुठेतरी, नेमकं गाव सांगत नाही. भाव बारा लाख डॉलरच्या आसपास. जाहिरातीतले निम्म्याहून जास्त फोटो कॉटेजचे: शेकोटी, खिडकीतला गुलाब, बाहेर ठेवलेल्या दोन खुर्च्या. जमिनीचा म्हणाल तर एकच फोटो, ड्रोनने काढलेला, संध्याकाळच्या उन्हात अख्खी टेकडी सोनेरी दिसतेय. तो फोटो बघूनच आमच्या ग्रुपमधले चार जण भुलले होते आणि त्या टेकडीबद्दलच मला जास्त लिहायचंय, पण आधी कॉटेजचं उरकते.

कॉटेज वाईट नव्हती. वेदरबोर्डची, म्हणजे आडव्या फळ्यांच्या भिंतींची, वर पत्रा, मधे लाकूड जाळायचा हीटर. आईने आल्या आल्या तो हीटर उघडून बघितला आणि म्हणाली, "चूल बरी आहे गं, पण लाकडं फोडायची कोणी?" प्रश्न रास्त आहे कारण या भागात हिवाळ्यात रात्री सहज शून्याच्या खाली जातं आणि तिथे गॅसची लाइन वगैरे प्रकार नाही. बाथरूमच्या भिंती जुन्या फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्याच्या. जुन्या फायब्रोत अ‍ॅस्बेस्टॉस असतोच असं धरून चालायचं. ऑस्ट्रेलियात त्याच्यावर पूर्ण बंदी आली ती २००३ च्या शेवटी, आणि हे घर त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे हात लावायचा नाही, आणि लावायचा तर लायसन्सवाला माणूस बोलवायचा. सांडपाणी सेप्टिकला. वीज रस्त्यापर्यंत कंपनीची पण तिथून घरापर्यंतचे खांब मालकाचे, म्हणजे खांब कुजला तर खिसा आपला. पिण्याचं पाणी पत्र्यावरचं, टाकीत साठवलेलं. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर, तेव्हा १०० चौरस मीटरचं छत आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ७०,००० लिटर, त्यातलं थोडं वाया जाणार. दोन माणसांना जपून पुरेल, चार फॅमिली वीकेंडला आल्या आणि सगळ्यांनी दोनदा आंघोळी केल्या की टँकर. टँकर म्हटल्यावर आण्णा हसले. त्यांना वाटलं होतं की टँकर ही जतचीच भानगड आहे.

आता टेकडी. एजंट आम्हाला गाडीतूनच सगळं दाखवत होता, इकडे डॅम, तिकडे यार्ड्स (जनावरं कोंडायचे वाडे), ते बघा पवनचक्क्या (क्रुकवेलला १९९८ पासून आहेत, आता तर डोंगराच्या धारेवर रांगाच लागल्यात). आण्णांना इंग्रजी समजत नाही म्हणून त्यांनी ऐकायचं सोडून बघायला सुरुवात केली. खालच्या पॅडॉकमधलं, म्हणजे कुंपण घातलेल्या रानातलं, गवत मेंढरांनी अगदी जमिनीला टेकवून खाल्लेलं, आणि वर टेकडीवर मात्र गुडघ्याएवढे पिवळे झुबके उभे. ते म्हणाले, गाडी थांबव. खाली उतरले, चढले, एक झुबका उपटायचा प्रयत्न केला, निघेना. मग मला म्हणाले, "खालचं रान चरून पार उघडं पडलंय आन ह्येच तेवढं उभं कसं ऱ्हायलं? जनावर तोंड लावत नसणार ह्याला."

तेच होतं. सरेटेड टसॉक. मूळ दक्षिण अमेरिकेतलं गवत, ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा १९३५ मध्ये यासजवळ ओळखलं गेलं, म्हणजे आम्ही उभे होतो तिथून फार लांब नाही. पान बारीक, दोन बोटांत फिरवलं की गोल फिरतं आणि वरून खाली बोट ओढलं की खरखर लागते. त्यात चोथा इतका असतो की मेंढरू पर्याय नाही म्हणून खाईल, पोट गच्च भरेल आणि भरल्या पोटी उपाशी मरेल. एका मोठ्या झुबक्याला लाखभर बी धरतं, आणि बी धरलेला तुरा सुटून वाऱ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर उडत जातो, शेजाऱ्याच्या कुंपणाला जाऊन अडकतो. जमिनीत पडलेलं बी दहा वर्षांनीसुद्धा उगवू शकतं. मारायचं तर फ्लुप्रोपनेट नावाचं तणनाशक झुबक्या-झुबक्यावर मारत फिरायचं, किंवा कुदळीने खणून काढायचं, आणि मग त्या जागी चांगलं गवत लावून दाट करायचं, एकदा नाही, दरवर्षी. आणि हे ऐच्छिक नाही बरं का! न्यू साउथ वेल्सच्या २०१५ च्या बायोसिक्युरिटी कायद्यात जमीन ज्याची त्याच्यावर ही जबाबदारी, कौन्सिलचा तण तपासणारा माणूस येऊन नोटीस देऊ शकतो. आधीच्या मालकाने काय केलं नाही ते आपल्या नावावर चढतं.

जाहिरातीतली सोनेरी टेकडी ती हीच. एजंटला विचारलं तर म्हणाला, "हो थोडं टसॉक आहे, या भागात सगळ्यांकडेच असतं." हे खोटं नाही. पण सगळ्यांकडे अख्खी टेकडी नसते.

यानंतर आण्णांनी सूत्रं हातात घेतली आणि मी दुभाषी. पहिला प्रश्न: जनावरं किती जगतील? एजंट म्हणाला, पंचवीस गाई आरामात. इकडे याचा हिशोब करायचं एक माप आहे, डीएसई म्हणतात. साधारण पन्नास किलोच्या एका खच्ची मेंढ्याला वजन न वाढता न घटता जगायला जेवढा चारा लागतो तो एक डीएसई. वासरू पाजणारी गाय वर्षभराचा विचार केला तर पंधराच्या आसपास डीएसई खाते. शंभर एकर म्हणजे ४० हेक्टर. इथल्या मूळच्या गवतावर हेक्टरी दोन-चार डीएसई निघतात, सुपर फॉस्फेट टाकून क्लोव्हर आणि फॅलॅरिस हा लावलेला चारा नीट बसवलेला असेल तर आठ-दहा किंवा त्याच्याही पुढे. मिळून-मिसळून पाच धरले तरी २०० डीएसई, म्हणजे तेरा गाई. त्यातून घळीतलं झाडांचं रान आणि टसॉकची टेकडी वजा करा. पंचवीस गाई जगवायला ३७५ डीएसई लागतात, ते एजंटच्या डोक्यात होते, जमिनीवर नव्हते.

नवऱ्याने तिथेच फोनवर पुढचा हिशोब मांडला (तो पुण्याचा आहे, हिशोब मांडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही). तेरा गाई, बारा वासरं हाताशी आली, एकाचा भाव अकराशे डॉलर धरला तर १३,२०० डॉलर वर्षाचे. त्यातून कौन्सिलचा टॅक्स, लोकल लँड सर्व्हिसेस या सरकारी खात्याचे रेट्स, खत, जंताचं औषध, विमा, कुंपण. आणि वीस टक्के स्वतःचे घातले तरी ९,६०,००० चं कर्ज, सहा टक्क्याने नुसतं व्याजच ५७,६०० डॉलर. तो बराच वेळ फोनकडे बघत बसला. आण्णांना रुपयात सांगायचं मी टाळलं.

आता कुणी म्हणेल पैशासाठी कोण घेतंय, शांततेसाठी घेतोय. घ्या की. पण मग गवत खायला कोण येणार? रान रिकामं ठेवलं की गवत वाढून वाळतं आणि उन्हाळ्यात तेच आगीला सरपण. म्हणून मग बहुतेक हौशी मालक अ‍ॅजिस्टमेंटवर देतात, म्हणजे दुसऱ्याची गुरं आपल्या पॅडॉकमध्ये चरायला आणि त्याने आपल्याला डोक्यामागे आठवड्याचे पैसे द्यायचे. हे सांगितल्यावर आण्णा जाम चक्रावले. आमच्याकडे उलटं असतं ना! धनगर मेंढरं घेऊन येतात, शेतकरी त्यांना रात्री रानात बसवून घेतो, लेंडीखत पडतं म्हणून आणि त्याबद्दल शेतकरीच धनगराला धान्य नाहीतर पैसे देतो. "म्हंजे हितं शेण फुकट पडतंय आन वर चराईचं पैसं बी मिळत्यात?" हो आण्णा. "मग ह्यो इकतोय कशाला?" हा प्रश्न मी मुद्दाम शब्दशः भाषांतर करून एजंटला विचारला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तो जरा थांबून बोलला: मालक ऐंशीच्या पुढचे आहेत, मुलं सिडनीला, कुणालाच यायचं नाही. ते मात्र आण्णांना लगेच समजलं, त्याला भाषांतर लागलं नाही.

तिथे एक लोकरीची शेड होती, शिअरिंग शेड, रिकामी. फळ्या लोकरीच्या तेलाने गुळगुळीत आणि काळ्या झालेल्या. मला वाटतं कॉटेजपेक्षा तीच जास्त देखणी होती. हा सगळा भाग मेरिनोचा, गोलबर्नला तर सिमेंटचा भलामोठा मेंढाच उभा केलाय. लोकरीला इथे एकेकाळी हमीभाव होता, १९९१ मध्ये ती योजना कोसळली तेव्हा ४७ लाख गासड्या लोकर न विकता पडून होती. आमच्याकडे कांद्याचं, तुरीचं जे होतं तेच, फक्त मोठ्या आकड्यात. आण्णांना मेरिनो बघायच्याच होत्या, शेजारच्या पॅडॉकमध्ये सापडल्या. लोकरीत बोटं घालून बघितली, आतून पांढरीशुभ्र, वीस मायक्रॉनच्या आतबाहेर. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, तिची घोंगडी होतात, आणि जत म्हटलं की लोकांना माडग्याळ मेंढी आठवते ती मटणासाठी, उंच आणि पोपटासारख्या नाकाची. "ही बुटकी हाय," असं मेरिनोबद्दल त्यांचं मत पडलं. आणखी एक गोष्ट त्यांना भारी वाटली ती म्हणजे कानातले बिल्ले. इथे एक मेंढी पाळायची तरी जागेचा पीआयसी (PIC) नावाचा ओळख नंबर काढावा लागतो, आणि १ जानेवारी २०२५ नंतर जन्मलेल्या प्रत्येक कोकराला, फार्मवरच्या करडालाही, इलेक्ट्रॉनिक टॅग सक्तीचा. आण्णा म्हणाले, आमच्या म्हशीला पण बारा आकडी पिवळा बिल्ला मारलाय सरकारनं, त्यात काय नवल.

पाण्याचं थोडक्यात. जाहिरातीत "क्रीक फ्रंटेज" होतं, प्रत्यक्षात कोरडा ओढा, पावसाळी. दोन डॅम होते, एकात पाणी आणि एकात चिखल. इथे डोंगरउतारावरच्या वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी सरासरी दहा टक्के पाणी लायसन्स न घेता अडवता येतं, किनाऱ्याकडे वाहणाऱ्या खोऱ्यांमध्ये नियम सैल आहे, तेव्हा जागा कुठल्या खोऱ्यात पडते ते तपासा, तोवर दहाच धरून चाला. त्यामुळे "अजून एक डॅम काढू की" हे म्हणायला सोपं. वासरू पाजणारी गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पिते. बोअर नव्हता.

मग वाट. हा प्रश्न आण्णांचा सगळ्यात आवडता कारण आमच्या गावातली निम्मी भांडणं वाटेवरची, तहसीलदाराकडे कलम १४३ खाली पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. गाडी ज्या रस्त्याने गेटपर्यंत आली तो शेजाऱ्याच्या पॅडॉकमधून जात होता. नकाशात बघितलं तर आपल्या जागेला सरकारी क्राउन रोड आहे, पण तो नुसता कागदावर, शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी पट्टीने आखलेला, प्रत्यक्षात घळीतून खाली जाऊन उभ्या कड्यावरून वर. असे कागदी रस्ते इथे ढिगाने आहेत. चालू वाट शेजाऱ्याच्या भलेपणावर. नोंदणीकृत राइट ऑफ वे, म्हणजे वाटेचा हक्क, आहे का विचारलं तर एजंट म्हणाला, कधी प्रॉब्लेम आलेला नाही. आण्णा म्हणाले, "शेजारी मेल्यावर येतुय."

कुंपणाचं बरं आहे. १९९१ चा डिव्हायडिंग फेन्सेस अ‍ॅक्ट सांगतो की सामाईक कुंपणाचा खर्च दोघांनी साधारण निम्मा-निम्मा. पण एका बाजूला सरकारी जंगल असेल तर तो कायदा सरकारला लागू नाही, सगळं आपल्याच गळ्यात. ४० हेक्टरचा चौकोन धरला तर भोवतीचं कुंपण अडीच किलोमीटर भरतं, आणि खाली वॉम्बॅट बिळं पाडणार, वरून कांगारू उडी मारून येऊन आपलंच गवत खाणार.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र इथलं मला खरंच आवडतं. आण्णांनी विचारलं, सातबारा कुठाय? इथे सातबारा नाही, लॉट नंबर आणि डीपी (नोंदवलेल्या नकाशाचा) नंबर, आणि टॉरेन्स पद्धत, म्हणजे रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक आणि त्याची हमी सरकारची. ही पद्धत १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात सुरू झाली. न्यू साउथ वेल्समध्ये तर ऑक्टोबर २०२१ पासून कागदी टायटलच बंद, सगळं कम्प्युटरवर. बहिणींची नावं, कुळ, भोगवटादार वर्ग-२, इनाम, काही नाही. आणि घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखलाही लागत नाही, महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्यातल्या कलम ६३ मुळे माझ्या नवऱ्याला गुंठाभर शेतजमीन घेता येणार नाही, इथे येते. (सिटिझन किंवा पीआर असाल तर. टेम्पररी व्हिसावर असाल तर एफआयआरबीचं, म्हणजे परकीय गुंतवणूक तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, वेगळं प्रकरण आहे, वकिलाशी बोला.)

पण त्याच्या जोरावर सही करायला पळू नका. दोन गोष्टी ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हत्या म्हणून लिहिते. एक, इथे घर घेताना कामकाजाचे पाच दिवस मन बदलायला मिळतात, पण जमीन अडीच हेक्टरच्या वर असेल तर ते मिळत नाहीत, सही म्हणजे सही. दुसरी, कॉटेज उभी आहे म्हणजे ती राहण्यासाठी मंजूर आहे असं नाही. कौन्सिलनुसार किमान ४०, ८०, कुठे १०० हेक्टर असल्याशिवाय सहसा नवीन घराचा हक्क मिळत नाही, आणि पुष्कळ "कॉटेज" मुळात शिअरर (लोकर कातरणाऱ्या) लोकांच्या झोपायच्या खोल्या किंवा शेड असतात, त्यांना पुढे किचन जोडलेलं. ही पाडून नवीन बांधू म्हणायच्या आधी कौन्सिलला लेखी विचारा. कॉन्ट्रॅक्टला जोडलेलं कलम १०.७ चं कौन्सिलचं प्लॅनिंग सर्टिफिकेट वाचा, त्यात आगीचा धोका, पूर, झोन सगळं असतं. आणि जमीन जसजशी मोठी होते तसतशी बँक होम लोनच्या दराने बघायचं बंद करते, जास्त डिपॉझिट मागते, हे आमच्या ब्रोकरने आम्हाला खूप उशिरा सांगितलं.

परतताना आण्णा आणि शेजारचा शेतकरी (तोच, ज्याच्या रानातून वाट जाते) गेटवर भेटले आणि अर्धा तास बोलले. मी मधे होते पण माझी फार गरज पडली नाही. तो २०१९ चं सांगत होता, इथली सगळी टेबललँड्स (पठारं) वाळून गेलेली, गवताच्या गासड्या दुसऱ्या राज्यातून ट्रकने मागवायच्या, निम्म्या गाई विकल्या, मग त्याच वर्षाच्या शेवटी ब्रेडवूडकडे आगी. आण्णा म्हणाले २०१९ ला आमच्याकडे पण छावण्या होत्या, जनावरं घेऊन माणसंच छावणीत राहायला. त्याने विचारलं सरकार चारा फुकट देतं? आण्णांनी विचारलं तुम्हाला देत नाही? दोघांनाही दुसऱ्याचं बरं चाललंय असं वाटलं बहुतेक.

सध्याची परिस्थिती अशी की ती जागा आम्ही सोडली. ग्रुपमधले दोन जण गळाले, एक अजून म्हणतोय टसॉक काय फवारून जाईल, त्याला मी एक वीकेंड टेकडीवर फवारा पाठीला लावून फिरायला सांगितलंय. आम्ही आणि अजून एक फॅमिली आता बूरोवाकडची एक साठ एकराची जागा बघतोय, त्याच्यावर कॉटेजच नाही पण घराच्या हक्काचं कौन्सिलचं पत्र आहे, बोअर आहे आणि रस्ता डांबरी, थेट कौन्सिलचा. फोटो अगदी भिकार आहेत, मेंढरांनी खाऊन सपाट केलेलं रान. बोअरची पाण्याची नोंद आणि मागच्या पाच वर्षांत खत किती टाकलं ते मागवलंय. आण्णांचं विमान त्याच्या आधीच आहे, तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉलवर गवत जवळून दाखवायला सांगितलंय, आणि एजंटशी बोलण्याऐवजी सध्या तिथे मेंढरं कोणाची आहेत त्याचा नंबर काढ म्हणालेत.